शिनरिन-योकू : जपानचं वनस्नान, आपली देवराई आणि वर्गातली मुलं



'शिनरिन-योकू' हा शब्द हल्ली मोबाईलवर बऱ्याच जणांच्या वाचनात आला असेल. कुणी त्याला वनस्नान म्हणतं, कुणी जंगलस्नान. अंघोळीशी याचा काही संबंध नाही, पाणी लागत नाही की साबण लागत नाही. 'शिनरिन' म्हणजे जंगल आणि 'योकू' म्हणजे स्नान. उन्हात बसण्याला आपण सूर्यस्नान म्हणतोच की, तसंच हे. झाडांच्या सहवासात, काही न करता, डोळे, कान, नाक उघडे ठेवून वेळ घालवायचा. बस्स.

भाषा शिकवणाऱ्यांना आवडेल अशी एक गंमत सांगते. जपानी लिपीत झाडासाठी एक चिन्ह आहे, खोड आणि फांद्या काढल्यासारखं. ते चिन्ह दोनदा शेजारी शेजारी काढलं की झाडी होते आणि तीनदा काढलं की दाट रान होतं. 'शिनरिन' लिहिताना ही तीन झाडांची आणि दोन झाडांची अशी दोन्ही चिन्हं वापरतात, म्हणजे एका शब्दात पाच झाडं. चौथीच्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवलं, तर मधल्या सुट्टीत निम्म्या वर्गाच्या वहीच्या मागच्या पानावर जंगल उगवलेलं!

हा शब्द पुरातन वगैरे आहे असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही. तो 1982 साली जपानच्या सरकारी वनखात्याने तयार केला. तो काळ आठवा. जपानची माणसं खेड्यांतून टोकियो-ओसाकासारख्या शहरांत गोळा झाली होती, कारखाने आणि कार्यालयं रात्रंदिवस चालत होती. अतिकामाने येणाऱ्या मरणासाठी त्यांच्या भाषेत 'करोशी' असा वेगळा शब्दच आहे, यावरून काय ते ओळखा. देशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंगलाचा आणि माणसं मात्र काँक्रीटमध्ये. लोकांनी जंगलात यावं, त्यांना बरं वाटावं आणि जंगलाची किंमतही कळावी, असा त्या खात्याचा दुहेरी हेतू होता. पहिला कार्यक्रम झाला नागानो प्रांतातल्या अकासावाच्या जंगलात. हे किसो खोऱ्यातलं हिनोकी वृक्षांचं रान, तीनशे वर्षांपर्यंतची झाडं आहेत तिथं. हिनोकी म्हणजे सुवासिक लाकडाचा, सुरूच्या जातकुळीचा उंच वृक्ष. इसेचं प्रसिद्ध देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्याला हे किसोचं लाकूड लागतं. जुन्या काळी इथं कडक कायदा होता : एक झाड तोडलं तर एक डोकं जाईल! आज त्याच जंगलात लाकडं वाहून नेणारी जुनी छोटी रेल्वे पर्यटकांना फिरवते. जपानला जाणारे आपले लोक टोकियो, फुजी पर्वत आणि बुलेट ट्रेन करून परततात. कुणाला जमलंच तर एक दिवस अकासावासाठी ठेवा.

आता प्रश्न असा की झाडाखाली बसल्याने खरंच काही होतं का, की आपलं उगाच मनाचं समाधान?

जपान्यांनी हे मोजून बघितलं. चिबा विद्यापीठाच्या गटाने देशभरातल्या 24 जंगलांत प्रयोग केले. दर ठिकाणी बारा तरुण विद्यार्थी. पहिल्या दिवशी सहा जण जंगलात, सहा जण शहरात, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. चालायचं, बसून बघायचं, एवढंच काम. 2010 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा एकूण 280 जणांची माहिती जमली होती. जंगलात असताना लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक, शहराच्या तुलनेत कमी होतं. नाडी संथ होती, रक्तदाबही कमी होता. अदलाबदलीची ही पद्धत मला फार आवडते. तोच मुलगा आज इथं आणि उद्या तिथं, त्यामुळे 'त्याचा स्वभावच शांत होता' असं कुणाला म्हणता येत नाही.

टोकियोतल्या निप्पॉन वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. चिंग ली यांनी वेगळा प्रयोग केला. 2005 मध्ये त्यांनी कंपन्यांत काम करणाऱ्या बारा पुरुषांना तीन दिवस दोन रात्री इयामाच्या जंगलात नेलं. रक्तातल्या 'नॅचरल किलर' पेशी, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांपैकी एक, परतताना जास्त तरतरीत झालेल्या आढळल्या. झाडं कीड-बुरशीपासून स्वतःचा बचाव करायला काही सुगंधी द्रव्यं हवेत सोडतात, त्यांना 'फायटनसाइड' म्हणतात. ली यांच्या मते या परिणामात त्या द्रव्यांचा मोठा वाटा आहे. कडुनिंबाखाली किंवा निलगिरीच्या रांगेतून जाताना जो वास नाकात शिरतो ना, त्याच प्रकारचं हे.

इथं जरा थांबूया. बारा माणसं म्हणजे फार थोडी. या प्रयोगाच्या जोरावर 'जंगलात चाला, कॅन्सर पळवा' अशा चित्रफिती फिरतात, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. पेशी तरतरीत होणं वेगळं आणि आजार बरा होणं वेगळं. बीपीची गोळी चालू असेल तर ती चालूच ठेवायची, दम्याचा पंप दप्तरात असायलाच हवा. वनस्नान हे औषध नाही. शरीर-मनाला मिळणारी विश्रांती आहे, आणि तिचीच आपल्या मुलांना वानवा आहे, म्हणून हा लेख.

मुलांबद्दल काय माहिती आहे? अमेरिकेत ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही अशा, म्हणजे एडीएचडी असलेल्या 17 मुलांना एकदा बागेत, एकदा शहराच्या गजबजलेल्या भागात आणि एकदा वस्तीतल्या रस्त्यावर वीस-वीस मिनिटं फिरवून आणलं. बागेतून आल्यावर त्यांची एकाग्रता जास्त चांगली होती. हाही अभ्यास लहानच. पण चीनमधल्या ग्वांगझू शहरातला प्रयोग मोठा आहे आणि तो प्रत्येक पालकाने ऐकावा. बारा शाळा निवडल्या. त्यांतल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा मैदानावर सोडलं, बाकी सहा शाळा नेहमीसारख्या चालल्या. तीन वर्षांनी बघितलं तर नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के मुलांना दूरचं कमी दिसू लागलं होतं, मैदानवाल्या शाळांत 30.4 टक्के. उघड्यावरच्या भरपूर उजेडामुळे हे होतं असं तज्ज्ञ मानतात. आपल्या वर्गात दरवर्षी चष्मेवाली मुलं वाढताहेत, आणि आपण काय करतो? पहिल्या बाकावर बसवतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. 1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला आणि घोरपडे जहागीरदारांच्या पाठिंब्याने गाव कापडाचं झालं. त्या मागांनी हजारो घरं जगवली, माझ्या वर्गातली बहुतेक मुलं त्याच घरांतली आहेत. त्यामुळे मागाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. पण त्या आवाजात वाढणाऱ्या मुलांकडे बघायला हवं. घराच्या भिंतीपलीकडे माग, धोट्याची खटाखट दिवसपाळीला आणि रात्रपाळीलाही. माझ्या वर्गातला एक मुलगा सांगतो की लाइट गेली की त्याला जाग येते. आवाज थांबला म्हणून! ही मुलं बोलतात ती मोठ्यानं, कारण घरात मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकूच जात नाही. नवीन आलेल्या शिक्षकांना वाटतं मुलं उद्धट आहेत. ती उद्धट नाहीत हो, त्यांचा आवाजच त्या पट्टीत बसलाय.

अशा मुलांना शांतता शिकवावी लागते, आणि 'हाताची घडी तोंडावर बोट' याने ती शिकवता येत नाही. त्याने मुलं फक्त गप्प होतात.

डी.एड.ला आपण सगळ्यांनी 'तोत्तोचान' वाचलंय. नॅशनल बुक ट्रस्टने मराठीत आणलेलं तेत्सुको कुरोयानागी यांचं पुस्तक. त्यातली रेल्वेच्या डब्यांतली शाळा सगळ्यांच्या लक्षात राहते. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सकाळी सगळ्यांचा अभ्यास लवकर उरकला तर दुपारी ती मुलं फिरायला निघायची, कुहोनबुत्सूच्या देवळापर्यंत. वाटेत मोहरीची फुलं दिसली की बाई पुंकेसर, स्त्रीकेसर दाखवायच्या. मुलांना वाटायचं आपण खेळतोय, आणि विज्ञानाचा तास होऊन जायचा. आणि शाळेच्या आवारात प्रत्येक मुलाचं एक स्वतःचं झाड होतं, चढायला. तोत्तोचान पोलिओ झालेल्या मित्राला आपल्या झाडावर पाहुणा म्हणून बोलावते, तो प्रसंग आठवत असेलच. कोबायाशी गुरुजींनी 1937 साली सुरू केलेली ही तोमोए शाळा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. म्हणजे वनस्नान हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी एक मुख्याध्यापक ते करत होता.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे वनभोजन होतं. कार्तिकात आवळीखाली जेवायला जायचं, ते आवळीभोजन होतं. नरसोबाच्या वाडीला औदुंबराच्या सावलीत लोक तासन् तास बसतात, कुणी जपमाळ ओढत, कुणी नुसतेच. पण जपानच्या सगळ्यात जवळची आपली गोष्ट म्हणजे देवराई.

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या तालुक्यांत अजूनही कितीतरी गावांना देवराया आहेत. देवाच्या नावाने राखलेलं रान. नियम साधा : कुऱ्हाड चालवायची नाही, वाळलेली फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. त्यामुळे आजूबाजूचा डोंगर बोडका झाला तरी त्या पाच-दहा एकरांत जुनी झाडं, प्रचंड वेली, झरा असं सगळं टिकलं. 1970 च्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा अभ्यासकांच्या लक्षात आलं की अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांनी काय सांभाळून ठेवलंय.

जपानमध्ये हुबेहूब हेच आहे. तिथं गावच्या देवस्थानाभोवतीच्या राईला 'चिंजू नो मोरी' म्हणतात. 1906 मध्ये तिथल्या सरकारने लहान देवस्थानं एकत्र करायचा हुकूम काढला. देऊळ हललं की राई तोडायला मोकळी. तेव्हा मिनाकाता कुमागुसू नावाचा एक विक्षिप्त, विद्वान निसर्गअभ्यासक याविरुद्ध उभा राहिला, लेख लिहिले, भांडला, त्यापायी काही दिवस कोठडीतही बसला. अकिरा मियावाकी यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, थोड्या जागेत दाट देशी झाडं लावायची मियावाकी पद्धत आता आपल्याकडच्या महापालिकासुद्धा वापरतात. एखाद्या भागाचं मूळचं रान कसं होतं हे त्यांनी शोधलं ते या देवस्थानांच्या राया बघूनच. टोकियोच्या मध्यावर मेइजी देवस्थान आहे, तिथलं जंगल तर पूर्ण लावलेलं आहे. लोकांनी देशभरातून जवळजवळ एक लाख झाडं पाठवली, 1920 मध्ये देवस्थान उभं राहिलं आणि नंतर त्या जंगलाला जवळपास हात न लावता वाढू दिलं. वाटेवर पडलेली पानंसुद्धा झाडून परत झाडांच्या बुडाशीच टाकतात.

आपल्याकडे मात्र उलट चाललंय, हे बोलायलाच हवं. देवाचं देऊळ मोठं करायचं म्हणून देवराईतलीच झाडं काढतात, फरशी घालतात, पत्र्याचा मंडप आणि कर्णा येतो. देव तोच राहतो, राई जाते. पुढच्या सहलीला मुलांना दाखवायचं काय?

सहलीचा विषय निघालाच आहे तर. आपल्या सहली कशा असतात? पहाटे पाचला एसटी, दिवसात सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी 'चला चला, उतरा, रांग करा, फोटो, चढा'. मुलं आणि आपण दोघंही दमून येतो. वनस्नानाच्या हिशेबाने सहल काढायची तर ठिकाण एकच ठेवावं. पन्हाळा बघायचाच असेल तर तटबंदी थोडी कमी बघा, पण तासभर झाडीत बसा. दाजीपूरला जात असाल तर उत्तमच. शाहू महाराजांच्या काळातलं हे शिकारीचं राखीव रान. 1958 साली गव्यांसाठी अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं. आज राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे, आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. गवा दिसलाच पाहिजे असा हट्ट मात्र धरू नका. पावसाळ्यात प्रवेश बंद असतो, म्हणून वनखात्याकडे आधी चौकशी करूनच तारीख ठरवा. आणि लांब जायला पैसे नसतील तर आळत्याजवळचा रामलिंगचा डोंगर, कुंभोजचा बाहुबलीचा डोंगर आपल्या तालुक्यातच आहेत.

पुण्याला नातेवाईक असतील तर सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान मुलांना जरूर दाखवा. ओकायामा शहरातल्या कोराकुएन या तीनशे वर्षांपूर्वीच्या बागेच्या धर्तीवर ते केलंय, पुणे-ओकायामा मैत्रीचं उद्यान म्हणून. पुलंनी जपानच्या प्रवासावर 'पूर्वरंग'मध्ये लिहिलंय, त्यामुळे नावही शोभतं. वाट मुद्दाम वळणाची आहे, पुढचं सगळं एकदम दिसत नाही. मुलं धावत सुटतात आणि वळणावर आपोआप थांबतात.

पण वर्षातून एकदा सहल आणि बाकी वर्ष चार भिंती, याचा उपयोग थोडाच. इंग्लंडमध्ये सुमारे 20 हजार लोकांच्या पाहणीत (2019) असं दिसलं की आठवड्याला एकूण 120 मिनिटं निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत बरी आणि मन समाधानी असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. एकदम दोन तास की थोडं थोडं, त्याने फरक पडला नाही. म्हणजे रोजची वीस मिनिटं चालतील. शाळेत एखादा वड, कडुनिंब, करंज असेल तर वेगळं जंगल लागत नाही.

आमच्या वर्गात आम्ही हे शनिवारी करतो. प्रत्येकाने आवारातलं किंवा शाळेच्या वाटेवरचं एक झाड आपलं म्हणून निवडलंय. झाडं कमी, मुलं जास्त, म्हणून एका झाडाचे तीन-तीन मालक आहेत. दप्तर वर्गात. पहिली पाच मिनिटं फक्त ऐकायचं आणि ऐकलेले आवाज बोटांवर मोजायचे. सुरुवातीला सगळ्यांची बोटं मागाशीच थांबायची. तिसऱ्या-चौथ्या शनिवारी एकीने सांगितलं, "बाई, एक पक्षी पण मागासारखाच वाजतोय, टुक टुक टुक." तो तांबट होता. तिच्या घराजवळही तो असणार, पण तिला तो पहिल्यांदा ऐकू आला. मग वास. पान चुरगळायचं, तेही खाली पडलेलं. मग खोडाला हात लावून डोळे मिटायचे. लिहायला काही देत नाही. 'निबंध लिहून आणा' म्हटलं की संपलं सगळं. पावसाळ्यात मात्र वहीत झाडाचं चित्र आपणहून येतं, कुणी सांगावं लागत नाही.

एका पालकांनी मला सरळ विचारलं होतं. बारा तासांची पाळी करून आले होते, डोळे लाल. "बाई, झाडाखाली बसवून मार्क किती वाढत्यात?" प्रश्न बरोबर आहे. पोरगं शिकून मागावरून सुटावं म्हणून तो माणूस राबतोय, त्याला गोड गोड उत्तर देण्यात अर्थ नाही. मी म्हटलं, दादा, मार्कांचं सांगता येणार नाही. पण झाडाखालून आल्यावरच्या तासाला तुमचा मुलगा जागेवर बसतो आणि गणित पुरं करतो, हे मी बघतेय. ते म्हणाले, "मग बसवा." नंतर दारापर्यंत जाऊन परत फिरले आणि विचारलं, "मोठ्या माणसांनी बसलं तर चालतंय का?"

तर पालकहो, चालतंय. सुट्टीच्या दिवशी मुलाला घेऊन नदीकाठी, मळ्यात, देवळाच्या पिंपळाखाली अर्धा तास बसा. मोबाईल घरी. काही शिकवू नका, पाढे विचारू नका. मुलगा कंटाळला तर कंटाळू दे, दहा मिनिटांनी तो मुंग्या बघायला लागतो.

शिक्षकांसाठी दोन-तीन गोष्टी. जागा आधी स्वतः बघून घ्या : मधमाश्यांचं पोळं, खाजकुयलीची वेल, सापाची बिळं, विहीर. पायात बूट-चप्पल असू द्या, देवराईत मात्र गावकऱ्यांना विचारून त्यांचा नियम पाळा. कुणाला दमा किंवा परागकणांची ॲलर्जी आहे का ते पालकांकडून लिहून घ्या. आणि पहिल्या दिवशी मुलं हसतील, चिमटे काढतील, एखादा माकडासारखा ओरडेल. ओरडू दे. तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाट बघा, आणि तुमच्या मुलांनी कोणते आवाज मोजले ते मला जरूर कळवा.